भोपळ्याच्या बियांचं तेल आणि रुंदावणारा भांग

माझा भांग रुंदावलाय हे मला आरशाने कधी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं एका लग्नातल्या फोटोने. कार्यालयाच्या माडीवरून कुणीतरी पंगतीचा फोटो काढला होता आणि खाली वाकून वाढणाऱ्या बायकांमध्ये माझं डोकं लगेच ओळखू येत होतं. केस गळतात हे वर्षानुवर्षं माहीत होतं. कंगव्यात येतात, न्हाणीघराच्या जाळीत अडकतात, केर काढताना कोपऱ्यात गुंतवळ सापडतं. पण गळणं वेगळं आणि विरळ होणं वेगळं. धडधाकट माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. विरळ होताना मात्र नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक असतो, त्याच्या पुढचा आणखी बारीक, आणि शेवटी त्या जागी नुसती लव उरते.

घरात हे कळलं आणि उपाय यायला लागले. सासूबाईंनी माक्याचं तेल सांगितलं, जाऊबाईंनी कांद्याचा रस. शेजारच्या काकूंनी जास्वंदीची फुलं आणि वडाच्या कोवळ्या पारंब्या खोबरेलात उकळून, गाळून, बाटली भरूनच आणून दिली. प्रत्येकीच्या सांगण्यात माया होती. तरुण मुलींकडून मात्र एक नवंच नाव ऐकू येत होतं, भोपळ्याच्या बियांच्या तेलाचं. कुणी ते ड्रॉपरने भांगात सोडत होतं, कुणी त्याच्या कॅप्सूल घेत होतं. माझी भाची ऑस्ट्रियात ग्राझला नोकरी करते. ग्राझ ज्या स्टायरिया प्रांतात आहे, तो याच तेलासाठी ओळखला जातो. म्हणून तिला म्हटलं, येताना एक बाटली आण. तिने आणली, आणि पिशवीतून काढता काढताच म्हणाली, "मावशी, मी इतकी वर्षं तिथे राहते, पण हे तेल डोक्याला लावताना कुणालाच बघितलं नाही. तिथे ते जेवणात घेतात."

मग बाटली फडताळात ठेवली आणि आधी या तेलाबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं.

तेल दिसायला विलक्षण आहे. पांढऱ्या बशीत त्याचा पातळ थर पसरला तर ते हिरवं दिसतं, आणि बाटलीत जाड थरातून पाहिलं तर गडद तांबडं. एकाच तेलाचे हे दोन रंग डोळ्याला का दिसतात, ते स्लोव्हेनियातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली याच तेलाचं उदाहरण घेऊन उलगडून दाखवलं. ज्या भोपळ्याच्या बियांपासून ते काढतात, तो आपल्या भाजीतला लाल भोपळा नव्हे. आपल्या भोपळ्याच्या बीला टणक पांढरं टरफल असतं. स्टायरियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे निसर्गातच एक बदल घडला आणि टरफल जवळजवळ नसलेली, नुसत्या पातळ पापुद्र्याची गडद हिरवी बी असलेला भोपळा तिथे मिळाला. शेतकऱ्यांनी ते बियाणं जपलं, वाढवलं. सोलायची कटकट नाही, बी थेट घाण्यावर.

शरद ऋतूत तिथल्या शेतांतून यंत्र फिरतं, भोपळे फोडतं, बिया तेवढ्या उचलतं आणि गर खतासाठी जमिनीतच राहू देतं. हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आपल्याकडे गराचं भरीत होतं, घारगे होतात, आणि बिया बहुतेक घरांत सालींबरोबर कचऱ्यात जातात. फार तर एखादी आजी त्या धुऊन उन्हात वाळवते आणि दुपारी अंगणात बसून सोलून नातवंडांना देते. तिकडे बी हेच पीक. बिया वाळवतात, दळतात, त्यांत पाणी आणि मीठ घालून मळतात, मग तो गोळा मंद आचेवर भाजतात आणि गरम असतानाच दाबून तेल काढतात. एका लिटरसाठी सुमारे अडीच किलो बिया लागतात, म्हणजे तीसेक भोपळे. १९९६ पासून युरोपीय संघाने या तेलाच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलेलं आहे आणि अस्सल बाटलीवर क्रमांक घातलेली पट्टी असते. वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा. तिथले लोक ते कच्चंच, राजम्यासारख्या मोठ्या दाण्यांच्या सॅलडवर घालतात, व्हॅनिला आइस्क्रीमवरसुद्धा. तळायला ते चालत नाही, तापवलं की चव आणि गुण दोन्ही जातात. कपड्यावर डाग पडला तर साबणाने हटत नाही, पण फडकं उन्हात टाकलं की हिरवा रंग उडून जातो. स्टायरियातल्या गृहिणींची ही युक्ती भाचीने मला सांगितली आणि माझ्या टेबलावरच्या कापडावर ती खरी ठरली.

आता मुद्द्याचं. हे जेवणातलं तेल केसांपर्यंत पोचलं कसं? वाट फार आडवळणाची आहे. ती पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीवरून जाते.

मध्य युरोपात वयस्कर पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींवर भोपळ्याच्या बिया खाण्याची जुनी रीत आहे. जर्मनीत वनौषधींची छाननी करणाऱ्या कमिशन ई नावाच्या सरकारी समितीनेही चिडलेलं मूत्राशय आणि सुरुवातीच्या टप्प्यातली प्रोस्टेटची वाढ यांच्या त्रासासाठी या बियांना मान्यता दिली होती. आणि प्रोस्टेटचा टकलाशी संबंध आहे. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले, त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रखर संप्रेरक बनवणारं एक एन्झाइम जन्मापासून कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहिली, आणि कपाळावरचे केसही मागे सरकले नाहीत.

त्या एन्झाइमला अडवणारं औषध म्हणजे फिनास्टेराइड. १९९२ मध्ये ते अमेरिकेत प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि १९९७ मध्ये, एक मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत, पुरुषांच्या टकलासाठी. भोपळ्याच्या बियांमध्ये जे वनस्पतिजन्य स्टेरॉल असतात, तेही थोड्या प्रमाणात तेच काम करत असावेत, असा तर्क त्यातून निघाला. जे प्रोस्टेटला उपयोगी, ते डोक्यालाही असेल. तर्क चांगला आहे. पण तर्काची परीक्षा माणसांवर घ्यावी लागते.

ती परीक्षा दक्षिण कोरियात झाली. पुसान राष्ट्रीय विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केलेला हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम टक्कल असलेले ७६ पुरुष, दोन गट, २४ आठवडे. एका गटाला रोज ४०० मिलिग्रॅम भोपळ्याच्या बियांचं तेल असलेल्या कॅप्सूल, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं आणि रुग्णांनाही. शेवटी ठरावीक जागेतले केस मोजले, तर तेल घेणाऱ्यांमध्ये सरासरी ४० टक्क्यांनी वाढले होते, दुसऱ्या गटात १० टक्क्यांनी. आज तेलाच्या जाहिरातींत सगळीकडे दिसणारा ४० टक्क्यांचा आकडा इथून आलेला आहे.

आकडा खरा आहे. मात्र त्याच्या मागेपुढे जे आहे ते जाहिरातीत येत नाही. केसांची जाडी दोन्ही गटांत सारखीच राहिली. त्या कॅप्सूलमध्ये नुसतं तेल नव्हतं, टोमॅटोची आणि इतर वनस्पतींची भुकटीही होती. मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं? सगळे रुग्ण पुरुष होते, माझ्यासारखी पाळी गेलेली बाई त्यात एकही नव्हती. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्या पुरुषांनी तेल गिळलं होतं. डोक्याला लावलं नव्हतं. गिळण्याच्या प्रयोगाचा आकडा चोळायच्या बाटलीवर छापणं मला अन्याय वाटतो. दिवसभर राबून चार पैसे बाजूला टाकणारी एखादी मुलगी तो आकडा वाचते, खोबरेलाच्या कितीतरी पट किंमत मोजते आणि रोज रात्री आशेने भांगात थेंब सोडते.

लावण्याचाही एक अभ्यास आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इजिप्तमधल्या पाहणीत केस विरळ झालेल्या ६० स्त्रियांपैकी काहींनी हे तेल डोक्याला लावलं, काहींनी मिनॉक्सिडिल या केस वाढवण्याच्या औषधाचा पाच टक्क्यांचा फेस, तीन महिने. तेल लावणाऱ्यांनाही थोडा फरक दिसला, मिनॉक्सिडिलचा फरक अधिक होता. अभ्यास छोटा, मुदत तीन महिन्यांचीच, आणि काहीच गुण नसलेलं साधं तेल लावणारा गट तुलनेला नव्हता. भोपळ्याचं तेल निरुपयोगी आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. त्याच्यात काहीतरी असू शकेल. पण त्याच्या भरवशावर बसून राहावं इतका पुरावा जमलेला नाही, आणि केसांच्या बाबतीत बसून राहणं महाग पडतं. बारीक होत गेलेलं केसाचं मूळ काही काळ परतवता येतं. फार उशीर झाला तर ते परत येत नाही.

या तेलांना यश मिळतं ते आणखी एका कारणाने. डेंग्यूचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवणं, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने जायला लागतात. शरीराला धक्का बसल्यावर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि एकदमच गळतात. माणूस घाबरतो, तेल आणतो. मूळ कारण सरलेलं असलं तर हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. ते आले असते तेल न लावताही, पण नाव तेलाचं होतं. ती बाई मग आनंदाने, अगदी मनापासून, दुसरीला तीच बाटली सुचवते. खोटं कुणीच बोलत नाही. दुसरीचं कारण मात्र वेगळं असतं. तिला थायरॉइड असतो, किंवा पाळीत जास्त रक्त जाऊन लोह संपलेलं असतं, किंवा माझ्यासारखा घराण्यातून आलेला विरळपणा असतो.

कारण शोधणं किती मोलाचं, हे बुलढाण्याने आपल्याला दाखवलं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले, बायका, पुरुष, मुलं, सगळ्यांचे. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे आपण ज्यांना ओळखतो, तिथे गेले, त्यांनी नमुने तपासून घेतले आणि रक्तात सेलेनियमचं प्रमाण फार वाढल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला चिमूटभरही नाही, अगदी कणभर लागतं. जास्त झालं तर केस जातात. त्या गावांत जगातलं उत्तमातलं तेल नेऊन वाटलं असतं तरी पोळी तीच राहिली असती. आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही सेलेनियम असतं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

मग आपण डॉक्टरकडे का जात नाही? मला वाटतं, लाजेने. केसांसाठी दवाखान्यात जाणं म्हणजे चैन, नटवेपणा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. "केसांचं काय एवढं, मन चांगलं पाहिजे," असं मलाही ऐकवलं गेलं. हे वाक्य मला सहन होत नाही. कारण याच महाराष्ट्रात केसांचं काय एवढं होतं, ते आपल्या पणज्यांना विचारायला हवं होतं. नवरा गेला की न्हाव्यापुढे बसवून तिचं डोकं भादरायचं, आलवण नेसवायचं, तिला कोपऱ्यात ढकलायचं. केस काढून घेणं ही शिक्षा होती, कारण केस म्हणजे तिचं असणं होतं. १८९० साली कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांचे केस आम्ही कापणार नाही, असा संप त्यांनी घडवून आणला. पोटाचा धंदा असताना ज्यांनी त्या वेळी वस्तरा खाली ठेवला, त्यांना बाईच्या केसांचं मोल कळलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी एखादी बाई भांगाकडे बघून हळवी झाली तर तिला उथळ म्हणू नये. गजरा माळायला अंबाडा उरला नाही याचं दुःख खरं आहे. आणि दुःख खरं आहे म्हणूनच त्यावरचं उत्तरही खरं हवं.

मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. बाईंनी तेलाचं नावही काढलं नाही. ताप आला होता का, वजन उतरवलं का, रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे, पाळी कधी गेली, आईचे केस कसे होते, हे विचारलं. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. मग छोटं भिंग भांगावर ठेवून पडद्यावर मला माझंच डोकं दाखवलं. जाड आणि बारीक केस शेजारीशेजारी उभे होते. "हे असं मिसळलेलं दिसणं, हीच खूण," त्या म्हणाल्या. पुरुषांचं टक्कल कपाळावरून आणि टाळूवरून पडतं. आपलं भांगातून विरळ होत जातं, कपाळाची रेघ बहुधा शाबूत राहते. आणि बायकांमध्ये संप्रेरकांचं गणित पुरुषांइतकं सरळ नसतं, कित्येकींच्या रक्तात सगळं प्रमाणात असतं तरी केस विरळ होतात.

मला मिनॉक्सिडिल दिलं. हेही मुळात केसांचं औषध नव्हे. रक्तदाबासाठी पोटात दिलेल्या या गोळीने रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून ते डोक्याला लावायचं ठरलं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे गळणं उलट वाढू शकतं, तेव्हा धीर सोडायचा नाही. फरक दिसायला महिने लागतात. आणि थांबवलं की मिळवलेलं हळूहळू परत जातं. हे सगळं बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या स्पष्ट बोलण्याने मला जितका आधार वाटला, तितका कुठल्याही हमखास उपायाने वाटला नव्हता.

खोबरेल मी सोडलेलं नाही. त्यालाही त्याचं काम आहे. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनं धुताना-विंचरताना झिजतात, ती झीज खोबरेलाने कमी झाली, बाकी दोघांनी नाही. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवूनही, कारण पटणारं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. म्हणजे असलेला केस टिकतो, तुटत नाही. नवा मात्र उगवत नाही. भोपळ्याच्या तेलात बराचसा भाग लिनोलेइक आम्लाचा, म्हणजे घडणीने ते सूर्यफुलाच्या तेलाजवळचं. केस जपायला ते खोबरेलाहून सरस असेल असं मला वाटत नाही. रविवारी बहीण येते, कोमट खोबरेल लावून देते आणि आम्ही बोलत बसतो. त्या तासाकडून मला केस वाढायची अपेक्षा नाही आणि तो तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

ग्राझची बाटली जेवणाच्या टेबलावर आहे. काकडीच्या कोशिंबिरीवर दह्याआधी चमचाभर घालते, भोपळ्याच्या भरितावर वरून सोडते. चव खोल आहे, घरच्यांना आवडली. उघडल्यावर अंधारात ठेवावी आणि लवकर संपवावी, नाहीतर तेल खवट होतं.

मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागलेत, सतत टोपी घालून असतो. "काकू, तुमच्याकडे ते ऑस्ट्रियाचं तेल आहे ना? थोडं देता?" मी त्याला आत बसवलं, कोशिंबिरीबरोबर खायला घातलं आणि एका छोट्या बाटलीत काढूनही दिलं, फक्त खाण्यासाठी म्हणून बजावून. मग आम्ही कागदावर प्रश्न लिहिले. हे घराण्यातलं टक्कल आहे की दुसरं काही? रक्त तपासायला हवं का? फिनास्टेराइड सुचवलं तर त्याचे लैंगिक आणि मनावरचे दुष्परिणाम कोणते, ते दिसले तर काय करायचं? गरोदर बाईने त्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये असं सांगतात, तर घरात वहिनी गरोदर असताना गोळ्या ठेवायच्या कशा? आता फोटो काढून ठेवला तर तुलनेला पुन्हा कधी काढायचा? शेवटचा प्रश्न त्याने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिला: औषध किती वर्षं घ्यावं लागेल आणि महिन्याचा खर्च किती? शनिवारची वेळ मिळाली आहे. आईला बरोबर नेणार आहे म्हणाला.